जीर्णोद्धार की जीर्णोच्छेद?

देवस्थानांच्या कारभारात ‘जीर्णोद्धार’ या शब्दाइतका पवित्र, आणि अलीकडे तितकाच दुरुपयोगिला गेलेला, दुसरा शब्द आम्हांस ठाऊक नाही. जीर्ण झालेले उचलून पुन्हा उभे करणे हा त्याचा सरळ अर्थ. आज मात्र जुने उखडून भंगारात घालणे यासच जीर्णोद्धार म्हणण्याचा प्रघात पडला आहे. आमच्या समाजाच्या एका देवस्थानात अग्रशाळेच्या सागवानी, दुपाखी खिडक्या काढून तेथे ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवाव्यात, असा ठराव पुढे आला आहे. कारण असे की, फटींतून वारा, धूळ आणि पावसाची झड आत येते. रोग खरा आहे. तो आम्ही नाकारीत नाही. आमचा वाद आहे तो औषधाशी.

गेल्या पौषात भोपाळच्या बाग सेवनिया भागात एका स्नेह्यांकडे आमचा मुक्काम होता. तिकडे रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो. कोकणपट्टीतील माणसास ती थंडी सोसवत नाही. घर जुने, खिडक्या लाकडी. तरीही निजण्याच्या खोलीत वाऱ्याची झुळूक म्हणून जाणवेना. आमचे आश्चर्य पाहून यजमानांनी उदबत्ती पेटविली आणि ती बंद खिडकीच्या कडेकडेने फिरविली. धूर सरळ वर गेला. मग त्यांनी आम्हांस स्वयंपाकघरात नेले. तेथील खिडकीशी तोच धूर आडवा पळू लागला. पहिल्या खिडकीस सुताराने रबरी पट्टी बसविली होती. दुसरी मुद्दाम तशीच ठेवली होती. सारे रहस्य एवढेच!

फट किती क्षुल्लक दिसते! परंतु हिशेब करून पाहा. १२० सेंटिमीटर उंच व ९० सेंटिमीटर रुंद अशा दुपाखी खिडकीची चारी बाजूंची कड आणि मधला सांधा मिळून लांबी ५४० सेंटिमीटर भरते. सर्वत्र केवळ दीड मिलिमीटर फट असेल, तर एकंदर उघडी जागा होते ८१ चौरस सेंटिमीटर; म्हणजे भिंतीस ९ सेंटिमीटर लांबी-रुंदीचे भोक!

यावरील उपाय कोणत्याही जाणत्या सुताराच्या आवाक्यातला आहे. आधी सैल बिजागऱ्या घट्ट कराव्या, कललेला पाखा रंध्याने नीट करावा, काचेभोवतीचे सुटलेले लुकण पुन्हा भरावे. मग चौकटीच्या खोबणीत बारीक खाच पाडून तीत सिलिकोनची पोकळ पट्टी बसवावी. पाखा मिटला की ती दबते, उघडला की फुगते. पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून तेवढी जागा सोडावी. पट्टीवर रंग चढू देऊ नये. बाजारात मिळणारी चिकट स्पंजाची पट्टी स्वस्त खरी, पण ती लवकर झडते. तिच्या अपयशाचे खापर खिडकीवर फोडू नये.

कोणी म्हणेल, घराने श्वास घ्यावयास नको काय? अवश्य घ्यावा. परंतु इच्छेने खिडकी उघडणे निराळे आणि दोषामुळे ती गळणे निराळे. जेथे चूल, कोळशाची शेगडी किंवा गॅस पेटतो, तेथे मात्र हवेची वाट बुजवू नये. बंद खोलीत शेगडी ठेवून निजणे म्हणजे विषारी वायूस घरात बोलावणे होय. आमच्या स्नेह्यांनी स्वयंपाकघराची खिडकी सोडली, ती याच विवेकाने.

आता नव्या खिडकीचे गुण पाहू. सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. उन्हाळ्यात अग्रशाळेत उतरलेल्या यात्रेकरूंस अर्धाच वारा मिळणार. ॲल्युमिनियम लाकडाच्या हजारपटीहून अधिक उष्णता वाहून नेते. आणि सागाचा एखादा तुकडा कुजला, तर तेवढाच कापून नवा जोडता येतो. जुनी खिडकी एकदा मोडीत गेली की तसे लाकूड पुन्हा मिळणे कठीण.

पण मुख्य प्रश्न वाऱ्याचा नव्हे, विश्वस्ततेचा आहे. १८८२ चा विश्वस्त कायदा खाजगी न्यासांपुरता आहे, हे आम्ही जाणतो. तथापि त्याच्या १५ व्या कलमातील कसोटी सर्वांनी लावून घ्यावी अशीच आहे: सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या मालमत्तेची जितकी काळजी घेईल, तितकी विश्वस्ताने घ्यावी. स्वतःच्या घराची चांगली सागवानी खिडकी, दुरुस्तीचा एकही यत्न न करता, कोणता शहाणा भंगारवाल्यास देईल? मग देवाच्या खिडकीस निराळा न्याय का? ज्या महाजनांनी त्या घडविल्या, त्यांनी त्या पुढील पिढीस दिल्या. आपणांस मोडावयास दिलेल्या नाहीत.

म्हणून कारभाऱ्यांस आमची विनंती आहे की, हा ठराव एका वर्षाकरिता तहकूब ठेवावा. एक खिडकी निवडा, एक सुतार बोलवा, एक पावसाळा जाऊ द्या. मग सर्व महाजनांसमक्ष त्या खिडकीपाशी उदबत्ती धरा. धूर आडवा पळाला, तर आम्ही आमचे म्हणणे मागे घेऊ. तो सरळ वर गेला, तर ठराव आपण मागे घ्यावा.