ढालीवर बैलाचे नाव नाही

आठवीच्या वर्गात परवा एका मुलाच्या वहीत नकाशाच्या जागी मोटारीचे चित्र सापडले. पुढे चोचीसारखे नाक, मागे उंच पंख. मी कान धरण्याच्या बेतात होतो; पण कारटे बोलू लागले आणि माझा हात खाली आला. ही डॉज चार्जर डेटोना, साल १९६९. शर्यतीत उतरवायची तर निदान ५०० गाड्या लोकांना विकायला काढल्या पाहिजेत असा तिकडचा नियम, म्हणून कंपनीने त्या काढल्या. २४ मार्च १९७० रोजी टॅलाडेगाच्या वाटोळ्या मैदानावर बडी बेकर नावाच्या गड्याने ती ताशी २०० मैलांच्या वर पळवली. सगळे मोबाईलवर वाचलेले, पण मुखोद्गत!

“आणि तुझ्या आज्याची जोडी?” मी विचारले.

“ती पण पळायची म्हणतात, सर.”

वाचकहो, या ‘म्हणतात’शी माझे भांडण आहे.

अमेरिकेतले हे मोटारवाले कोणी संत नव्हेत. दांडग्या इंजिनाच्या गाड्या त्यांनी पोरासोरांच्या हाती दिल्या त्या पैशासाठी. १९६३ च्या जानेवारीत जनरल मोटर्सने शर्यतींतून अंग काढून घेतले, तर पुढच्याच सालच्या मोसमात पाँटिअ‍ॅकच्या लोकांनी मध्यम आकाराच्या गाडीत मोठे इंजिन बसवून ‘जीटीओ’ बाजारात आणली. नियमाला बगल देण्यात ते आपलेच भाऊबंद! पण त्यांनी ही लबाडीसुद्धा लिहून ठेवली. कोणत्या क्रमांकाची गाडी, कोणत्या मैदानावर, कोणाच्या हाती, कितवी आली, कुठे आपटली, हे कागदावर आहे. आणि तो कागद असला की गंजक्या पत्र्याला सोन्याचा भाव येतो.

आमच्याकडे काय आहे? खेड-जुन्नरकडे घाटात सेकंदावर बारी होते. आमच्या बारामती-इंदापुरात, खाली फलटण-साताऱ्याकडे जाते तशी, सपाट मैदानावर छकड्यांची शर्यत. गट, सेमीफायनल, फायनल. भोंग्यावरचा समालोचक बैलाचे नाव असे काही घेतो की अंगावर काटा यावा. निशाण पडते, धुरळा उडतो, आणि धुरळा खाली बसतो तेव्हा इतिहासही त्याच्याबरोबर खाली बसतो. ज्या बारामतीत मोरोपंतांच्या आर्या लोकांनी जपून उतरून ठेवल्या, तिथे गेल्या सालची फायनल कोणत्या बैलाने मारली हे विचारले तर चार माणसे चार नावे सांगतात.

आमच्या चुलत्यांचा कोशा रंगाचा खिलार इंदापूर तालुक्यात दोन-तीन मैदाने गाजवून गेला. त्याची एक ढाल आजही घरात खुंटीला आहे. मी ती उतरवून पुसून पाहिली. वर देणगीदाराचे नाव, त्याचे पद, खाली यात्रा कमिटी. बैलाचे नाव नाही. सालही नाही. जो पळाला तो सोडून सगळे ढालीवर!

बरे, कागदाचे आपल्याला वावडे आहे म्हणावे, तर तेही नाही. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडला. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींनी तिच्यावर शिक्कामोर्तब केले. एवढी वर्षे आम्ही ‘परंपरा, परंपरा’ म्हणून घसा कोरडा केला. पण परंपरेची एक वही पुढे करा म्हटले असते, तर कोणत्या गावाने केली असती? बंदीच्या काळात चोरून झालेल्या शर्यतींची तेवढी नोंद आहे. ती पोलिसांच्या दप्तरात!

आता तर जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज हवा, पशुवैद्याचा दाखला हवा, धाव १००० मीटरच्या आत हवी, हाती काठी-चाबूक नको. हे कागद होतात आणि गठ्ठ्यात जातात. त्याच कागदावर निकालाची एक ओळ लिहायला काय शाई महाग झाली आहे?

प्राणिमित्रांना वाटेल, हा मास्तर गाडामालकांच्या पंगतीत बसला. नाही बसलो. शेपूट पिरगाळताना, आरी टोचताना मी या डोळ्यांनी पाहिले आहे, आणि ते करणारा माणूस घरी त्याच बैलाला पुरणपोळी चारतो हेही पाहिले आहे. (ऊस भरलेली गाडी कारखान्याकडे ओढताना बैलाच्या तोंडाला फेस येतो, तो मात्र कोणाला दिसत नाही, ही गोष्ट निराळी.) कोणता बैल दिवसात किती वेळा जुंपला, कोणता लंगडला, पुढे त्याचे काय झाले, हे लिहिले गेले तर त्यांच्याही हाती काही पुरावा येईल. आज दोन्ही बाजू नुसत्या आरोळ्यांवर भांडत आहेत.

आणि हा केवळ हौसेचा प्रश्न राहिलेला नाही. बैलाची किंमत लाखांत बोलली जाते. ती कशावर? ऐकीव कीर्तीवर! जून २०२४ मध्ये बारामती तालुक्यातल्या निंबुत गावी शर्यतीच्या बैलाच्या व्यवहारावरून वाद पेटला, गोळी सुटली आणि एक माणूस जिवाला मुकला. वही असती तर तो वाचला असता, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण तोंडी जगात लाखांचे सौदे होऊ लागले की भांडण मिटवायला हाताशी काय उरते?

आता जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो. मोटारीच्या चासीवर क्रमांक असतो, तसाच तो. त्या क्रमांकापुढे मैदान, तारीख, दाती वय, आदत की दुसा, जोडीदार कोण, निकाल, दुखापत, एवढे लिहायचे. मी रोज पन्नास पोरांचा हजेरीपट भरतो. एका मैदानाचा भरायला मला अवघड नाही.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात शंभरपानी वही घेऊन एका यात्रेच्या मैदानात गेलो. कमिटीचे लोक हसले. एकाने विचारले, “सर, कादंबरीला का?” शेवटी एक म्हातारा मालक मला हात धरून आपल्या बैलापाशी घेऊन गेला. बैल फायनल मारून आला होता, फुरफुरत होता. म्हाताऱ्याने त्याचा कान हळूच उलटा करून दाखवला. कानाला भोक होते. बिल्ला कुठे पडला, कधी पडला, त्याला आठवत नव्हते.

“नाव लिहा की,” तो म्हणाला. “नाव पक्कं हाय.”

मी पहिल्या पानावर नाव लिहिले, आणि क्रमांकाचा रकाना मोकळा ठेवला.