तुराट्या, पाट आणि कुत्र्याचा तोल

कुत्रा उभा असताना त्याच्या अंगाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर आणि ४० टक्के मागच्या पायांवर असतो. पुढचे पाय त्याच्या नजरेसमोर असतात. मागचे कुठे पडले, हे त्याला स्नायू, सांधे आणि पंजांकडून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांवरूनच उमगते. आतला कान आणि लहान मेंदू त्यावर तोल सांभाळतात. वय झाले, वजन वाढले किंवा दिवसभर साखळीलाच बांधून ठेवले, की ही जाण मंदावते. ओट्यावरून उतरताना मग मागचा पाय घसरू लागतो.

अकोला-अमरावतीकडच्या घरांत पहिली अडचण फरशीच असते. नव्या बंगल्यात गुळगुळीत टाइल्स, जुन्या घरात झिजलेली शहाबादी. चालताना नखे टकटक वाजत असली तर ती वाढलेली समजावीत. ती कापावीत, पंजाच्या गाद्यांमधले केस कातरावेत आणि सतरंजी किंवा धुतलेले पोते न सरकेल असे अंथरावे. एवढ्याने अनेकदा अर्धे काम होते.

पहिला व्यायाम उभ्या जागीच होतो. भाकरीचा कुटका नाकासमोर धरून सावकाश खांद्याकडे, मग कमरेकडे न्यायचा. मान वळावी, पाय हलू नयेत. हे जमले की एकेक पंजा हलकेच उचलून तीन-चार सेकंद धरायचा. कुत्रा माणसावर रेलला तर तो तोल सांभाळत नाही, टेकू घेतो आहे. पंजा लगेच सोडावा.

खरा उपयोगी प्रकार आडव्या काठ्या ओलांडण्याचा. परदेशात त्यासाठी रंगीत नळ्यांचे संच विकत मिळतात. वऱ्हाडात तूर निघाली की तुराट्यांचे भारे घरोघरी असतात, आणि हलक्या तुराट्या या कामाला त्या नळ्यांपेक्षा कुठेच कमी नाहीत. फाटे काढावेत, तिरप्या कापलेल्या टोकांना फडके गुंडाळावे. चार-पाच तुराट्या साधारण कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीइतक्या अंतरावर आधी जमिनीवरच मांडाव्यात, पुढे आठवडाभराने चपट्या दगडांवर किंचित उचलाव्यात. बांधू मात्र नयेत. पाय लागला तर काठी घरंगळली पाहिजे. कुत्र्याला दोरीने धरून चालीनेच न्यावे. धावत आणि उड्या मारत जाणारा कुत्रा बघायला छान, पण वेगाच्या भरात पाय कसाही पडला तरी निभावून जाते. सावकाश चालताना प्रत्येक पंजा मोजून उचलावा लागतो. मागचा पाय काठीला लागायचा थांबला की अंतर थोडे बदलावे.

लाकडी पाटावर पुढचे दोन पाय ठेवून मागच्या पायांनी त्याच्याभोवती फिरायला लावणे, भिंत आणि बाज यांच्यामधून चार पावले मागे चालवणे, हेही मागच्या पायांसाठीच. नांगरलेल्या वावरात तासांना आडवे चालवले तरी चालते. पऱ्हाटीची धसकटे आणि कुसळे असलेले रान मात्र टाळावे. पंजात कुसळ शिरले तर चांगले चालणारे कुत्रेही लंगडते.

पाच ते दहा मिनिटे पुरतात. वाढत्या पिलांना उंचावरून उड्या मारायला लावू नये. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा हे सूर्य वर येण्यापूर्वीच उरकावे. धाप लागली, पाय थरथरू लागले किंवा कुत्रा वारंवार बसू लागला की थांबावे.

लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष बऱ्यापैकी आढळतो, त्यामुळे त्यांना आधी तपासून घेणे बरे. म्हाताऱ्या कुत्र्याची मान अचानक एका बाजूला कलली, ते गोल फिरू लागले किंवा बुबुळे भिरभिरू लागली, तर ते आतल्या कानाचे किंवा मेंदूचे दुखणे असू शकते. तिथे व्यायाम थांबवून पशुवैद्यकाकडेच न्यावे लागते. अकोल्यात त्यासाठी स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे.