बेअरिंगचा नंबर आणि व्यापाऱ्याचे इमान

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते. बैल आणि घोंगड्यांसाठी ती प्रसिद्ध. आम्हीही तिथे कापडाचे दुकान लावतो. एका वर्षी मालाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली वाटेतच बसली. चाकाचे बेअरिंग गेले होते. गठ्ठे रस्त्याकडेला उतरवून ड्रायव्हरला शहरात पिटाळले. तिथल्या एका दुकानदाराने नुसत्या नजरेने माप ठरवून बेअरिंग दिले. ते दांड्यावर बसले, पण चाक डुगडुगतच राहिले. पुन्हा खेप झाली आणि यात्रेचे दोन दिवस हातचे गेले.

शेवटी गावातल्या एका वयस्क मिस्त्रींनी जुने बेअरिंग डिझेलने धुऊन त्यावर कोरलेला नंबर वाचला: ३२२०८. आम्हाला मिळाले होते ३०२०८. नंबर ०४ किंवा त्यापुढचा असेल, तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणावे. आतल्या भोकाचे माप मिलिमीटरमध्ये निघते. म्हणजे दोन्हींचे भोक ४० मि.मी., बाहेरचे मापही दोन्हींचे ८० मि.मी. फरक फक्त जाडीचा. हवे होते ते ५ मि.मी. जास्त जाड.

बेअरिंग गेले का, तेही मिस्त्रींनी सांगितले. पावसाळ्यात ट्रॉली ओढ्यातून, चिखलातून जाते. चालून तापलेला हब थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी ओढले जाते. ग्रीस दुधाळ होते, लोखंड गंजते आणि चाक धरते ते हिवाळ्यात. नावा वाहून नेणाऱ्या ट्रेलरचे दुखणे हेच. म्हणून पावसाळा संपताच हब उघडावा, ग्रीस बदलावे. बेअरिंग बदलताना आतली-बाहेरची कडी जोडीनेच घ्यावी, सीलही नवे टाकावे. जुना भाग नवा बसेपर्यंत फेकू नये.

व्यापारी बंधूंनो, दोष एकट्या दुकानदाराचा नाही. नंबर न पाहता माल मागणारे आम्हीच होतो. शिवाय मिस्त्रींनी मशवऱ्याचे पैसे सांगितले, तेव्हा आम्ही घासाघीस केली. दोन दिवसांचा धंदा बुडाला, त्याची खंत नाही आणि अक्कल देणाऱ्याचे पैसे मात्र जड वाटले! याची आम्हाला आजही शरम वाटते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. सुट्या भागांच्या धंद्यालाही हाच न्याय लागू आहे. डुप्लिकेट असेल तर डुप्लिकेट म्हणून विका, बिलावर नंबर लिहा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.

आमच्या तरुणांनी आयटीआयत हे हुन्नर शिकावे आणि तालुक्याच्या गावीच नेहमी लागणारे नंबर ठेवून दुकान थाटावे. रास्त भाव आणि खरा मशवरा असेल, तर गिऱ्हाईक शहराची वाट धरणार नाही. बरकत त्यातच आहे.