जेसीबी लावण्याआधी नकाशा बघा



परवा कामानं विश्रांतवाडीला गेलो होतो. तिथून जवळच, आळंदी रस्त्याला फुलेनगरात, सर्व्हे ऑफ इंडियाचं ऑफिस आहे. आमच्या डोंगराची टोपोशीट घेऊन आलो. ऑनलाइनही मिळते.

वाचायला अवघड नाही. शीटवर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर. तपकिरी रेषा म्हणजे कंटूर, एका रेषेवर सगळीकडं उंची सारखी. शेजारच्या दोन रेषांत २० मीटरचा फरक. रेषा दाट आल्या की कडा, लांब लांब गेल्या की माळ. रेषेचं टोक चढाकडं वळलं की तिथं ओहोळ, उताराकडं वळलं की डोंगराची सोंड. एका सेंटिमीटरात १०० मीटरचा चढ भरला, तर तो २० टक्के उतार.

चार वर्षांपूर्वी मी वरची पड जेसीबीनं सपाट केली, आडवा बांध घातला. पहिल्याच मोठ्या पावसात बांध मधोमध फुटला. माझी माती खालच्या शेजाऱ्याच्या भातात. आता शीटवर बघतो, तर तिथं रेषा सरळ चढाकडं वळलेली. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा तो ओहोळच मी बुजवला होता. नुकसान मातीवर भागलं.

आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये ३० जुलै २०१४ ला डोंगर गावावर आला, १५० वर माणसं गेली. पाऊस प्रचंड होताच, पण उतारावर यंत्रानं केलेल्या सपाटीकरणाचीही तेव्हा चर्चा झाली. तेवढ्यावरूनही आपण शहाणं व्हायला पाहिजे.

कुणी म्हणेल, डोंगर आम्हाला डोळ्यानं कळतो. जुन्या माणसांना कळायचा, खरं आहे. पण जेसीबीवाला तासावर पैसे घेतो, त्याला ओहोळ कुठला माहीत?

म्हणून माझं मत असं, की उतारावर सपाटीकरण करायचं तर आधी ग्रामसभेत शीट भिंतीला लावा. ओहोळ, सोंडा आणि खालची घरं लाल पेनानं दाखवा, मगच मशीन बोलवा. कृषी सहायकांनी एक दिवस द्यावा, एवढीच विनंती.

एक लक्षात ठेवा. शीटवरून अख्खा डोंगर कळतो, पण शेतातला समतल चर आखता येत नाही. २० मीटरच्या मधलं त्यात दिसत नाही. चरासाठी हायड्रोमार्कर किंवा ए-फ्रेमच लागते.

तुमच्या गावात कुणी शीट बघितलीय का? सांगा.