गरमीचं इंजेक्शन त्याच दिवशी द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



वरवट बकालहून लिहितो आहे. आमचा संग्रामपूर तालुका खारपाणपट्ट्यातला. किडनीच्या आजाराबद्दल इथे चारचौघांत बोलतात, कारण दोष पाण्यावर टाकता येतो. गरमीचं, म्हणजे सिफिलिसचं, नाव निघालं की बोट थेट बाईच्या चारित्र्याकडे जातं. म्हणून माणसं गुप्तरोगाच्या रंगवलेल्या जाहिराती वाचून भलत्याच दारी जातात. आजारही फसवा. पहिली जखम दुखत नाही, औषधाविनाच काही आठवड्यांत भरते, आणि ज्याने पुडी दिली त्याला श्रेय मिळतं. पुढे तळहातांवर पुरळ येतं, तेही जातं. जंतू मात्र अंगात मुरतो आणि गर्भारपणी वारेतून बाळापर्यंत पोचतो. पोटातच बाळ दगावतं, तेव्हा घरचे बाहेरची बाधा शोधत बसतात.

सोळाव्या शतकात भावमिश्रांनी ‘भावप्रकाशा’त हाच आजार फिरंग रोग म्हणून नोंदवला, त्यावर पारा आणि चोपचिनी सांगितली. पुढे जगभर पाऱ्याच्या उपचारांनी रोग्यांची लाळ गळे, दात पडत. १९४३ मध्ये अमेरिकेत जॉन महोनी यांनी पेनिसिलिनने हा रोग बरा करून दाखवला. १९५५ पासून आपल्या पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, पेनिसिलिन बनू लागलं. हा जंतू अजूनही त्याला निर्ढावलेला नाही. सुरुवातीला बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिट एकदा, रोग जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. गर्भवतीसाठी दुसरं भरवशाचं औषधच नाही.

तपासणीची सोय आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियान असतं, बोटातल्या रक्ताच्या थेंबावर निदान होतं. गाडी अडते ती पुढे. ‘रिॲक्शन आली तर?’ या धास्तीने इंजेक्शन टाळून बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवलं जातं. सातपुड्याच्या पायथ्याची, सातव्या महिन्यातली बाई मजुरी बुडवून, एसटी धरून बुलडाण्याला जाईलच असं नाही. बाळंतपणाच्या किमान ३० दिवस आधी पेनिसिलिन मिळालं, तरच बाळाच्या दृष्टीने उपचार पुरेसा मानतात. इथे एकेक दिवस मोलाचा आहे.

म्हणून मागणी साधी आहे. तपासणी पॉझिटिव्ह आली की पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी, त्याच आरोग्य केंद्रात मिळावं. शेजारी ॲड्रेनॅलिन आणि ते द्यायला शिकलेली सिस्टर असावी. आणि नवऱ्याला बोलावण्याची जबाबदारी त्या बाईवर टाकू नका. तपासणीला येतानाच जोडीने यायचं, असा नियम सगळ्यांसाठी करा, म्हणजे कुणा एकीकडे बोट जाणार नाही. उपचार दोघांनाही द्या, नाहीतर बरी झालेली बाई घरी जाऊन पुन्हा तोच रोग घेते.

आपला,
वरवट बकालचा एक रहिवासी