ठराव उघडा, तळं बंद

महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं सर्वांना खुलं केलं, पण फक्त कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा तो ठराव पाण्यापर्यंत पोहोचला. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, ती फत्तेखान या मुसलमानाने दिली. ‘खुलं’ या शब्दाची किंमत महाडकराला कुणी शिकवायला नको.

२०१८ मध्ये लीप मोशन कंपनीने ‘नॉर्थ स्टार’ या ऑगमेंटेड रिॲलिटी हेडसेटचे आराखडे जगाला मोफत दिले. दोन छोटे स्क्रीन, दोन वक्र परावर्तक, थ्रीडी प्रिंटरवर निघणारे भाग. समोरच्या दृश्यावरच नकाशे, आकडे उमटतात. वक्र आरशातल्या परावर्तनाचं गणित इब्न अल-हैसमने हजार वर्षांपूर्वी मांडलं होतं. त्याचं नाव जलशात अभिमानाने घेणारे आपण, पोरांनी असलं काही करायचं म्हटलं की विचारतो, “महाड-पोलादपुरात हे चोचले कशाला? मोठ्या कंपन्या आहेत ना!”

मग कंपन्यांचंच पाहू. मॅजिक लीपने आपला पहिला हेडसेट २,२९५ डॉलरला विकला आणि ३१ डिसेंबर २०२४ ला त्याची सेवा बंद केली. लोकांनी पैसे मोजून घेतलेली यंत्रं निकामी झाली. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली होतं, तळिये दरडीखाली. पोलादपूरच्या साखर सुतारवाडीत, केवनाळ्यातही घरं गाडली गेली. चष्म्याने दरड थांबत नाही, हे मलाही कळतं. पण ढिगाऱ्यावर उभं राहून कुठलं घर कुठे होतं हे दाखवणारं, नेटशिवाय चालणारं यंत्र हवं असेल, तर ते दूरच्या सर्व्हरच्या मर्जीवर सोडायचं?

आराखडे मोफत मिळाले म्हणून काम संपत नाही. नॉर्थ स्टारमध्येही हाताच्या हालचाली ओळखणारं सॉफ्टवेअर कंपनीच्या मुठीतच राहिलं. कृती इंग्रजीत, सुटे भाग परदेशातून.

आखातातल्या कमाईतून आपण हॉल बांधतो, जेवणावळी घालतो. त्यातून एक खोली, एक थ्रीडी प्रिंटर, सोल्डरिंगचं एक टेबल उभं करा. लोणेऱ्याच्या तंत्रविद्यापीठातले विद्यार्थी, आयटीआयची मुलं, आपल्या मुलीही तिथे बसू द्या. कृती मराठीत लिहा. दारावर जात-धर्म विचारू नका. हे केलं नाही, तर मोफत आराखडा म्हणजे १९२४ चा ठरावच: सर्वांसाठी खुला, आणि घशाला कोरड.