चिमट्यातील आकडा आणि बाळाचे पाऊल

२०२०-२१ च्या कोविडकाळात पल्स ऑक्सिमीटर पांढुर्णा-सौंसरच्या घराघरांत पोहोचला. आता पालक आकडाच सांगत येतात, 'डॉक्टरसाहेब, सत्त्याण्णव आहे!' कडेवरचे मूल मात्र धापा टाकत असते.

दोन लहान सेलवर चालणारा हा चिमटा वस्तुतः मोजतो तो अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह. तांबडा व अवरक्त प्रकाश बोटातून पार गेल्यावर प्रकाशग्राहकात तो उमटतो. त्यातही नाडीच्या ठोक्यासरशी कमीजास्त होणारा अंश बहुधा शेकडा एक-दोनच. ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये जपानमध्ये मांडलेले तत्त्व याच अंशावर उभे आहे. पौषातल्या थंडीने बाळाचे पाऊल गार पडले, त्याने पाय झाडला अथवा मोठ्यांचा चिमटा सैल बसला, की हा अंश हरवतो. आकडा मात्र झळकत राहू शकतो.

म्हणून माझे आग्रहाचे मत असे, की आधी नाडीचा आलेख पाहावा आणि स्टेथोस्कोपने मोजलेले ठोके यंत्राशी ताडून घ्यावेत. न जुळल्यास पाऊल ऊबदार करून, बाळाचा प्रोब लावून पुन्हा मोजावे. पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला तर सेलही लागत नाहीत. छाती आत ओढली जात असेल, तर सत्त्याण्णवच्या भरवशावर मी बाळाला घरी पाठवीत नाही.